वापरलेली इनोव्हा : भाव नावाचा की गाडीचा?

जुन्या गाड्यांच्या बाजारात टोयोटा इनोव्हाला जे स्थान आहे ते दुसऱ्या कोणत्याही सात-आठ आसनी गाडीला महाराष्ट्रात मिळालेले नाही. बारा-तेरा वर्षे रस्त्यावर धावलेली, मीटरवर दोन-अडीच लाख किलोमीटर दाखवणारी गाडी विकायला काढली तरी मालक फारशी घासाघीस करायला तयार नसतो. भाव जास्त का, असे विचारले तर “इनोव्हा आहे” एवढेच उत्तर मिळते आणि घेणाऱ्यालाही ते पटते. ती विश्वासार्ह आहे हे खरेच आहे. अडचण अशी की नावाचा हा भाव सगळ्याच इनोव्हांना जवळपास सारखा लागतो, आणि विश्वासार्हता मात्र गाडीगणिक वेगळी असते. वेळेवर ऑइल बदललेली गाडी आणि केवळ नावावर तगून राहिलेली गाडी जाहिरातीतल्या छायाचित्रांत सारख्याच पांढऱ्याशुभ्र दिसतात.

हे परीक्षण २००५ ते २०१६ या काळात विकल्या गेलेल्या पहिल्या पिढीच्या २.५ लिटर डिझेल इनोव्हाचे आहे. त्यानंतर आलेली क्रिस्टा ही इंजिनापासून किमतीपर्यंत वेगळी गाडी आहे. आमच्या घरी २०१२ सालची आठ आसनी इनोव्हा आहे. ती आम्ही वापरलेलीच घेतली आणि कोल्हापुरातली रोजची कामे, पुण्याच्या फेऱ्या, आंबोलीमार्गे कोकण, लग्नकार्ये आणि देवदर्शने अशा सर्व प्रकारे ती वापरत आलो. नात्यातल्या आणि शेजारच्या मालकांशी, तसेच टूरिस्ट गाड्या चालवणाऱ्या काही चालकांशी वेळोवेळी झालेले बोलणेही येथे विचारात घेतले आहे, कारण एका गाडीवरून सगळ्या गाड्यांची पारख करणे बरोबर ठरणार नाही.

टोयोटाच्याच जुन्या क्वालिस गाडीच्या जागी २००५ साली ही गाडी आली. बंगळुरूजवळच्या बिडदी येथील कारखान्यात ती तयार होत असे. तिच्याखाली शिडीच्या आकाराची स्वतंत्र पोलादी चासी, म्हणजे सांगाडा, आहे आणि इंजिनाची ताकद मागच्या चाकांना जाते. २४९४ सीसीचे चार सिलिंडरचे कॉमन रेल डिझेल इंजिन केवळ १०२ अश्वशक्ती देते. याच कंपनीने २०१६ साली क्रिस्टात घातलेले २.४ लिटरचे इंजिन, म्हणजे आकाराने किंचित लहानच, सुमारे १५० अश्वशक्ती देते. ही तुलना जुन्या गाडीला कमीपणा आणण्यासाठी केलेली नाही. जुन्या इंजिनाच्या दीर्घायुष्याचे एक मोठे कारण त्यातच आहे: त्याच्या आकाराच्या मानाने त्याच्याकडून फारच थोडे काम मागितले गेले आहे. जोडीला इलेक्ट्रॉनिक सामग्री मोजकी आणि गिअरबॉक्स साधा पाच गिअरचा असल्यामुळे बिघडण्यासारख्या गोष्टीच मुळात कमी आहेत. चार-पाच लाख किलोमीटर झालेल्या आणि इंजिन न उघडलेल्या गाड्यांच्या गोष्टी टूरिस्ट चालकांकडून ऐकायला मिळतात. त्यांतली थोडी अतिशयोक्ती वजा केली तरी उरते ते पुष्कळ आहे.

रोजच्या वापरात या विश्वासार्हतेचा अर्थ असा की सकाळी गाडी एका सेल्फमध्ये सुरू होते, उन्हाळ्यात पुण्याहून येताना खंबाटकीचा चढ भरल्या गाडीने आणि चालू एसीने चढला तरी तापमानाचा काटा जागचा हलत नाही, आणि लांबच्या प्रवासाला निघताना “गाडी पोहोचवेल ना?” ही शंका मनात येत नाही. आमच्या गाडीने आम्हाला रस्त्यात अडकवलेले नाही. परंतु याचे सगळे श्रेय गाडीला देऊन मोकळे होता येत नाही, कारण आधीच्या मालकांनी सर्व्हिसिंगच्या पावत्या एका जाड फाइलमध्ये तारखेनुसार लावून ठेवल्या होत्या, आणि त्या फाइलसाठीच आम्ही दुसऱ्या, थोड्या स्वस्त गाडीचा विचार सोडला होता.

झिजतात ते भाग कोणते, हे आता पाहू. सर्वांत महत्त्वाचा आहे टायमिंग बेल्ट, म्हणजे इंजिनातल्या व्हॉल्व्ह आणि पिस्टन यांच्या हालचालींचा मेळ राखणारा पट्टा. या इंजिनाला टायमिंग चेन नाही. दातेरी रबरी पट्टा आहे आणि तो मालकपुस्तिकेत दिलेल्या अंतराला बदलावाच लागतो. तो चालत्या इंजिनात तुटला तर व्हॉल्व्ह आणि पिस्टन एकमेकांवर आदळतात आणि इंजिनाच्या वरच्या भागाचे मोठे काम निघते. पट्टा बदलण्याचे काम अवघड नाही, सवयीचा मेकॅनिक ते काही तासांत उरकतो. पण इंजिन नेहमीसारखेच शांत चालत असल्यामुळे पट्टा संपत आला आहे याची सूचना कानाला मिळत नाही आणि काम लांबणीवर पडते. विकणारा “बेल्ट बदललेला आहे” असे सांगत असेल तर बिल मागावे, आणि बिल नसेल तर तो बदललेला नाही असेच समजून गाडी घरी आणल्याबरोबर तो ताणून धरणाऱ्या टेन्शनरसह नवा बसवून घ्यावा. वापरलेल्या इनोव्हाच्या बाबतीत यात तडजोड करू नये, असे मला ठामपणे वाटते.

त्याखालोखाल इंजेक्टर. कॉमन रेल पद्धतीत डिझेल अतिशय उच्च दाबाने बारीक छिद्रांतून फवारले जाते, त्यामुळे डिझेलमधली घाण आणि पाणी त्याला मानवत नाही. डिझेल फिल्टर वेळेवर न बदलणे ही काही मालकांची काटकसर असते आणि तिचे बिल पुढचा मालक भरतो. थंड इंजिन सुरू केल्यावर खडखडाट नेहमीपेक्षा जास्त असेल, गाडी उभी असताना इंजिन थरथरत असेल किंवा एकदम ॲक्सिलरेटर दिल्यावर काळा धूर येत असेल, तर इंजेक्टर तपासून घेतल्याशिवाय व्यवहार पुढे नेऊ नये. म्हणूनच गाडी पाहायला सकाळी लवकर जावे आणि बोनेटला हात लावून इंजिन खरोखर थंड आहे याची खात्री करावी. आपण येण्याआधी कोणी गाडी गरम करून ठेवली असेल तर त्यामागे बहुधा कारण असते. ऑइलचे झाकण काढून इंजिन बॅक कॉम्प्रेशन मारते का, म्हणजे तिथून धूर किंवा हवा जोरात बाहेर येते का, हे बघण्याची गॅरेजवाल्यांची पद्धत जुनी असली तरी उपयोगी आहे.

बाकीचे भाग वयाप्रमाणे झिजतात: पुढच्या लोअर आर्मचे बुश, बॉल जॉइंट, शॉक ॲब्सॉर्बर, क्लच प्लेट, मागचे ब्रेक लायनर. दोन लाख किलोमीटर झालेल्या कोणत्याही गाडीत हे निघतेच. मागच्या एसीकडे मात्र लक्ष द्यावे. या गाडीत मागच्या दोन ओळींसाठी छतातून हवा देणारा वेगळा ब्लोअर आणि वेगळी कूलिंग कॉइल आहे, आणि गाडी पाहायला आलेला माणूस सहसा पुढे बसून पुढचाच एसी तपासतो. घरातल्या एखाद्याला सर्वांत मागच्या आसनावर बसवून पंधरा-वीस मिनिटे भर उन्हात गाडी फिरवली म्हणजे खरे काय ते समजते.

सुटे भाग आणि मेकॅनिक यांच्या बाबतीत ही गाडी निश्चिंत ठेवते. राज्यात या गाड्या एवढ्या आहेत की तालुक्याच्या गावीही तिचे काम जाणणारा कोणीतरी भेटतो. दुसऱ्या बाजूने, मागणी मोठी असल्यामुळे नकली भागही तितकेच येतात, आणि ऑइल फिल्टर किंवा बेल्टसारखी वस्तू पाकिटावरच्या छपाईवर विश्वास ठेवून कुठूनही घेणे मला धोक्याचे वाटते. नेहमीचा खर्च फार नाही, पण इंजिन मोठे असल्यामुळे लहान गाडीच्या जवळपास दुप्पट ऑइल लागते आणि टायरही तिच्यापेक्षा मोठे, २०५/६५ आर १५ मापाचे आहेत; स्विफ्ट किंवा वॅगन-आर वापरणाऱ्या घराला सर्व्हिसिंगचे पहिले बिल थोडे टोचते.

आता खरेदीविषयी, कारण या गाडीच्या बाबतीत अर्धे यश किंवा अपयश तिथेच ठरते. इनोव्हाचा फार मोठा हिस्सा टूरिस्ट व्यवसायात आणि कंपन्यांच्या सेवेत वापरला गेला आहे. पिवळ्या पाटीची गाडी आवश्यक कर भरून खासगी नोंदणीत आणता येते. हे कायदेशीर आहे आणि त्यात लपवण्यासारखे काही नाही. तरीही ते लपवले जाते. वर्षाला साठ-सत्तर हजार किलोमीटर धावणारी गाडी काही वर्षांनी पांढरी पाटी लावून, रंगकाम करून, आसनांना नवी कव्हरे घालून बाजारात येते आणि तिचे किलोमीटर मागे केलेले असतात. जाहिराती वाचल्या तर महाराष्ट्रातल्या सगळ्या डॉक्टरांकडे इनोव्हाच होत्या आणि त्या सगळ्यांनी त्या दवाखान्यापुरत्याच वापरल्या, असे वाटावे.

मीटरवरच्या आकड्यापेक्षा गाडीच खरे सांगते. ऐंशी हजार किलोमीटर सांगितलेल्या गाडीच्या क्लच आणि ब्रेक पेडलचे रबर गुळगुळीत झालेले असेल, स्टीअरिंगची कातडी चकाकत असेल, चालकाच्या आसनाची दाराकडची बाजू दबलेली असेल आणि मधल्या ओळीच्या दारांचे आतले हँडल सैल झाले असेल, तर हिशेब जुळत नाही. मधल्या ओळीची दारे हे विशेष पाहावे, कारण खासगी गाडीत चालकाचे दार सर्वांत जास्त झिजते आणि टूरिस्ट गाडीत मागची दोन्ही दारेही तितकीच झिजतात. छतावर कॅरिअरच्या नटांच्या खुणा, बॉडीवर परावर्तक पट्ट्या काढल्याचे डाग आणि व्यावसायिक गाड्यांना सक्तीच्या असलेल्या वेगनियंत्रकाच्या तारा किंवा ब्रॅकेट हेही शोधावे. टायरवर चार आकड्यांत उत्पादनाचा आठवडा आणि वर्ष छापलेले असते आणि काचांवरही वर्षाच्या खुणा असतात. एकच काच वेगळ्या वर्षाची निघाली तर ती का बदलली, हे विचारण्याचा आपल्याला अधिकार आहे. गाडी क्रमांकावरून अधिकृत सर्व्हिस केंद्रातल्या नोंदी मिळत असतील तर त्या सगळ्यांत उत्तम.

म्हणजे टूरिस्टमधली गाडी घेऊच नये का? टूरिस्ट चालकांशी बोलल्यावर माझे मत थोडे बदलले. ज्या गाडीवर मालकाचा रोजचा धंदा अवलंबून आहे, तिचे ऑइल आणि फिल्टर तो बहुधा वेळेवर बदलतो, आणि महामार्गावर एका वेगात धावलेले इंजिन शहरातल्या दोन-दोन किलोमीटरच्या फेऱ्या मारलेल्या इंजिनापेक्षा चांगल्या स्थितीत असू शकते. आक्षेप वापरावर नाही. खोट्या आकड्यावर आणि त्या आकड्याच्या जोरावर मागितलेल्या खासगी गाडीच्या भावावर आहे. साडेतीन लाख किलोमीटर खरे सांगून त्याप्रमाणे भाव लावणारा मालक भेटला तर त्या गाडीचा विचार करण्यास हरकत नाही.

दुसरा सापळा परराज्यातल्या गाड्यांचा. राष्ट्रीय हरित लवादाने २०१५ साली दिल्ली परिसरात दहा वर्षांवरील डिझेल गाड्या चालवण्यास मनाई केली आणि २०१८ साली सर्वोच्च न्यायालयाने ती कायम ठेवली. त्यानंतर तिकडच्या डिझेल गाड्या इतर राज्यांत वाढत्या प्रमाणात येऊ लागल्या. त्या दिसायला चांगल्या आणि भावाला कमी असतात. परंतु मूळ आरटीओचे ना-हरकत प्रमाणपत्र आणायचे, महाराष्ट्राचा कर भरायचा, इथला नवा क्रमांक घ्यायचा आणि मूळ राज्यात भरलेल्या कराच्या परताव्यामागे लागायचे, हे सगळे धरले तर स्वस्ताई बरीच विरघळते. बारा महिन्यांहून अधिक काळ गाडी दुसऱ्या राज्यात ठेवायची असेल तर नव्या राज्यात नोंदणी करणे कायद्याने आवश्यक आहे, त्यामुळे “तशीच चालवा, कोणी विचारत नाही” हा एजंटचा सल्ला मानू नये. कोकणपट्टीत वापरलेल्या गाडीत आणखी एक गोष्ट पाहावी लागते. चासीचा मागचा भाग आणि डिक्कीखाली टांगलेल्या स्टेपनीभोवतीचा पत्रा गाडी रॅम्पवर घेऊन खालून तपासावा, कारण खाऱ्या हवेने खालून सुरू झालेला गंज वरच्या रंगकामातून दिसत नाही.

उपयुक्ततेविषयी लिहायचे तर मधल्या ओळीपासूनच सुरुवात करावी लागेल. या गाडीची सर्वांत चांगली जागा तीच आहे. २७५० मिलिमीटरचा व्हीलबेस (पुढच्या आणि मागच्या चाकांमधले अंतर) असल्यामुळे पाय पसरून बसता येते, पाठ मागे करता येते, आसन मागेपुढे सरकते आणि छताच्या झरोक्यातून थंड हवा थेट अंगावर येते. आमच्या घरातल्या ज्येष्ठांना लहान गाडीत खाली वाकून बसावे आणि उतरताना उठावे लागत असे; इनोव्हाच्या आसनाची उंची अशी आहे की गुडघे दुखणाऱ्या माणसाला शरीर सरळ ठेवूनच आत जाता येते. पाऊल ठेवायची जागा मात्र साडी नेसलेल्या वयस्क स्त्रीला किंचित उंच वाटते. बाजूला पायरी बसवून घेतल्यावर तो प्रश्न आमच्यापुरता सुटला.

सात आसनी घ्यावी की आठ आसनी, हा प्रश्न प्रत्येक घेणाऱ्याला पडतो. सात आसनीत मधल्या ओळीत दोन स्वतंत्र खुर्च्या असतात. त्या अधिक आरामदायक आहेत आणि त्यांच्या मधल्या फटीतून मुले मागच्या ओळीत जाऊ शकतात. आठ आसनीत सलग बाक आहे. त्यावर तिघे बसू शकतात, प्रवासात लहान मूल किंवा आजारी माणूस आडवा होऊ शकतो, आणि मुख्य म्हणजे पाच माणसे असतील तर तिसरी ओळ उघडावीच लागत नाही. जाहिरातीत सात आसनीला मान जास्त असतो. घरगुती वापरासाठी मला आठ आसनी बरी वाटते.

तिसऱ्या ओळीबद्दल मालकांची मते दोन टोकांची आहेत आणि दोन्ही बरोबर आहेत. लहान गाड्यांच्या शेवटच्या ओळीशी तुलना केली तर येथे प्रौढ माणूस खरोखर बसू शकतो आणि कोल्हापूरहून पुण्यापर्यंतचा प्रवास कुरकुर न करता करू शकतो. पण ती ओळ उघडल्यावर मागे सामानाला उरते ती जागा दोन-तीन मध्यम पिशव्यांपुरतीच. आठ माणसे आणि आठ माणसांचे दोन दिवसांचे सामान, हे या गाडीत छतावर कॅरिअर लावल्याशिवाय जमत नाही. ओळ बंद करताना आसने दोन्ही बाजूंना उचलून पट्ट्याने अडकवावी लागतात. मधली जागा मोठी मिळते, पण बाजूच्या खिडक्या झाकल्या जातात आणि आसने वजनाला जड आहेत. धान्याची पोती, लग्नातली भांडी, शेतीची अवजारे, एकदा तर लाकडी कपाट, असे सगळे आम्ही या गाडीतून नेले आहे. मुलांना सर्वांत मागे बसवण्याची आपल्याकडची सवय मात्र मला योग्य वाटत नाही, कारण ती ओळ मागच्या दाराच्या अगदी लगत आहे आणि मागून धडक बसली तर मध्ये फारसे अंतर नाही.

सुरक्षिततेच्या बाबतीत ही गाडी तिच्या काळाची आहे. खालच्या श्रेणीतल्या अनेक गाड्यांत एअरबॅग आणि एबीएस (जोरात ब्रेक दाबल्यावर चाके जाम होऊ न देणारी यंत्रणा) नाहीत. ही सामग्री हवी असेल तर जाहिरातीत ‘इनोव्हा’ एवढेच वाचून न थांबता श्रेणी आणि वर्ष तपासून प्रत्यक्ष गाडीत खात्री करावी. माझ्या मते महामार्गावर कुटुंब घेऊन फिरणाऱ्याने एअरबॅग आणि एबीएस असलेल्या वरच्या श्रेणीसाठी जास्त पैसे मोजावेत आणि अलॉय व्हील, लाकडी नक्षी, मोठा स्क्रीन यांसाठी मोजू नयेत. गाडी उंच आणि जड आहे, त्यामुळे घाटात वळणावर ती झुकते, आणि ताकद मागच्या चाकांना जात असल्यामुळे रिकामी गाडी पावसात वळणावर जोरात काढली तर मागचा भाग घसरू शकतो. आंबोलीच्या पावसात ही गाडी सावकाशच चालवावी. तिचा स्वभावही सावकाशच आहे: ताशी ऐंशी-नव्वदच्या वेगात ती अतिशय समाधानाने चालते, त्यापुढे इंजिनाचा आवाज वाढतो आणि ओव्हरटेक करताना आधी विचार करावा लागतो.

शहरातला वापर हा तिचा कमकुवत भाग आहे. साडेचार मीटरहून जास्त लांबी, जड क्लच, कमी वेगात जड वाटणारे हायड्रॉलिक स्टीअरिंग आणि बाहेर उघडणारी मोठी दारे यांमुळे महाद्वार रोडसारख्या गर्दीच्या रस्त्यावर किंवा सोसायटीच्या दोन खांबांमधल्या पार्किंगमध्ये ती त्रास देते. वळण्याची त्रिज्या ५.४ मीटर आहे, ती या आकाराच्या गाडीला चांगलीच म्हणावी लागेल, पण गाडी लहान काही होत नाही. ॲव्हरेज शहरात लिटरला नऊ-दहा आणि महामार्गावर एसी लावून बारा-तेरा किलोमीटर मिळते. यापेक्षा फार जास्त सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नये. डिझेलची टाकी ५५ लिटरची आहे, म्हणजे एकदा भरली की कोल्हापूर-पुणे जाऊन-येऊन थोडे डिझेल उरते.

ज्यांचा वापर मुख्यतः शहरात आहे आणि महिन्यातून एखाद्या वेळीच सहा माणसे एकत्र निघतात, त्यांनी वापरलेली एर्टिगा पाहावी. ती २०१२ साली आली, पुढच्या चाकांवर चालते, मोटारीसारखी हलकी आहे आणि इंधन कितीतरी कमी घेते. तिची तिसरी ओळ प्रौढांसाठी अपुरी आहे आणि खराब रस्त्यावर भरल्या गाडीची ऐट इनोव्हासारखी राहत नाही. पण त्याच पैशांत बरीच नवी आणि कमी चाललेली गाडी मिळते, हा मुद्दा दुर्लक्ष करण्यासारखा नाही. महिंद्राची झायलो जागेच्या बाबतीत इनोव्हाच्या तोडीची असून बरीच स्वस्त मिळते. पुढे विकताना मात्र तिला इनोव्हाचा भाव येत नाही.

नोंदणीचा हिशेब प्रत्येक घेणाऱ्याने आधीच करावा. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची असते. त्यानंतर आरटीओत तपासणी होऊन ती पाच-पाच वर्षांसाठी वाढवता येते. या नूतनीकरणाचे शुल्क १ एप्रिल २०२२ पासून मोटारीसाठी ५००० रुपये करण्यात आले होते आणि महाराष्ट्रात त्यावर पर्यावरण कर वेगळा भरावा लागतो. रक्कम गाडीच्या किमतीच्या मानाने मोठी नाही, पण चौदा वर्षांच्या गाडीचा भाव ठरवताना हे शुल्क, तपासणीपूर्वी करावी लागणारी कामे आणि धोरण आणखी कडक होण्याची शक्यता या तिन्ही गोष्टी विकणाऱ्याच्या हिशेबात नसतात. एप्रिल २०१९ पूर्वीची गाडी असल्यामुळे उच्च सुरक्षा नोंदणी पाटी बसवलेली आहे का, जुने ई-चलान थकलेले आहे का आणि आरसीवर बँकेचा बोजा आहे का, हे परिवहनच्या संकेतस्थळावर आणि कागदपत्रांत पाहता येते. बोजा असेल तर तो उतरवण्यासाठी लागणारा, बँकेच्या सहीचा नमुना ३५ हातात आल्याशिवाय पूर्ण रक्कम देऊ नये, आणि हस्तांतरणाचे नमुने २९ व ३० गाडी ताब्यात घेताना सही होऊनच मिळाले पाहिजेत.

विम्याबाबत या गाडीची एक खास अडचण आहे. पाच वर्षांहून जुन्या गाडीचे विमामूल्य कंपनी आणि ग्राहक यांच्या संमतीने ठरते, आणि कंपनीने मांडलेला आकडा बहुधा घसाऱ्याच्या सर्वसाधारण हिशेबावर आधारलेला असतो. इनोव्हाचा बाजारभाव त्या वेगाने घसरत नाही. त्यामुळे गाडी चोरीला गेली किंवा दुरुस्तीपलीकडे गेली, तर मिळणाऱ्या भरपाईत तशीच दुसरी इनोव्हा येत नाही. नूतनीकरणाच्या वेळी आलेला आकडा तसाच न स्वीकारता जास्त विमामूल्य मागावे. हप्ता थोडा वाढतो. वापरलेली गाडी घेतल्यावर विमा आपल्या नावावर करून घेण्यासाठी १४ दिवसांच्या आत अर्ज करावा लागतो. तो केला नाही तर गाडीच्या स्वतःच्या नुकसानीचा दावा नाकारला जाऊ शकतो, आणि आधीच्या मालकाचा नो-क्लेम बोनस (दावा न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सवलत) त्याच्याकडेच राहतो, तो गाडीबरोबर येत नाही. हे बहुतेक एजंट सांगत नाहीत.

आज पुन्हा घ्यायची झाली तर मी २०१२ नंतरची, आठ आसनी, एअरबॅग असलेल्या श्रेणीतली, महाराष्ट्रात पहिल्यापासून नोंदलेली आणि सर्व्हिसची फाइल असलेली गाडी शोधीन, किलोमीटर कितीही असोत. ठरलेल्या किमतीच्या साधारण पंधरा टक्के रक्कम टायमिंग बेल्ट, सर्व फिल्टर आणि ऑइल, बुश, बॅटरी आणि गरज असल्यास टायर यांसाठी वेगळी काढून ठेवीन. फाइल नसलेली, पण “कंडिशन एक नंबर” असलेली गाडी पन्नास हजारांनी स्वस्त मिळाली तरी घेणार नाही. तेवढे पैसे एका इंजेक्टर सेटच्या कामातच जाऊ शकतात.